कुंडीच्या मातीत अक्रोड, पिस्ते, बदामाची टरफलं घालावीत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुकामेवा फोडून झाला की समोर टरफलांचा ढीग उरतो आणि बागकामाचं वेड असलेल्या माणसाला तो काही केल्या टाकवत नाही. मीही त्यातलाच. बरीच वर्षं कुंड्यांमध्ये हे टरफलांचे प्रयोग चाललेत, काही जमले, काही चांगलेच अंगाशी आले, आणि तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळं एका जागी लिहून टाकतोय.

टरफलं घातली की झाडाला खत मिळतं का?

नाही, म्हणजे मिळतं असं म्हणण्यासारखं काही नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो, लोक टरफलं खत समजून घालतात आणि मग झाड वाढत का नाही म्हणून विचारतात. टरफलात मुख्यतः लिग्निन आणि सेल्युलोज असतं, म्हणजे लाकूडच ते. पोटॅशियम वगैरे थोडंफार असतं पण अक्रोडाचं कवच कुजून ते सुटं व्हायला इतका वेळ लागतो की तोवर तुम्ही कुंडी दोनदा बदललेली असेल.

मग घालायची कशाला? तर हवेसाठी. कुंडीतलं मिश्रण महिन्यागणिक दबत जातं, कंपोस्ट कुजून बारीक होतं, ते बारीक कण मोठ्या कणांच्या फटीत जाऊन बसतात, आणि मुळांना जो ऑक्सिजन लागतो त्याची वाटच बंद होते. जमिनीत गांडुळं नि किडे ही वाट मोकळी करत असतात, कुंडीत ते काम करायला फारसं कोणी नसतं. टरफलाचे तुकडे तिथे फटी टिकवून धरतात. त्यामुळे टरफल म्हणजे हळूहळू कुजणारी खडी असं समजा, परलाइट (कुंडीच्या मिश्रणात घालतात ते हलके पांढरे दाणे) किंवा झाडाच्या सालीचे तुकडे जे काम करतात तेच.

सगळी टरफलं सारखीच ना? मी सगळी एकाच डब्यात साठवतो.

डबे वेगळे करा. आपण सगळ्याला 'नट' म्हणतो पण टरफल म्हणून जे हातात येतं ते दर वेळी झाडाचा वेगळाच भाग असतो. बदाम, पिस्ता, अक्रोड यांचं कवच म्हणजे फळाच्या आतली कोय, आंब्याच्या किंवा पीचच्या कोयीसारखी. हेझलनट मात्र खरंखुरं नट आहे. मॅकाडेमियाचं कवच तर बियांची साल आहे, विश्वास बसत नाही इतकी टणक, पण बियांची साल. आणि शेंगदाणा नटच नाही, ती शेंग, वाटाण्याच्या घराण्यातली.

हे वनस्पतीशास्त्र उगाच सांगत नाहीये, कुंडीत ते सगळं वेगवेगळं वागतं. अक्रोड, हेझलनट, मॅकाडेमिया ही कवचं वर्षानुवर्षं टिकतात (अक्रोडाच्या कवचाचा चुरा तर यंत्रांचे भाग घासून साफ करायला वापरतात, एवढा तो कडक). पिस्त्याची पण टिकतात, पण ती गुळगुळीत आणि वाटीसारखी. बदामाची सगळीच एकसारखी नसतात, कागदी बदामाचं कवच बोटांनी चुरडतं आणि कडक बदामाला हातोडी लागते, तर कागदी लवकर कुजतं हे उघड आहे. शेंगांची टरफलं सगळ्यात मऊ, त्यांच्यासाठी खाली वेगळा प्रश्न घेतलाय.

काजूची टरफलं चालतील का?

नको. सोललेला काजू आणत असाल तर हा प्रश्नच येत नाही, पण ज्यांच्याकडे काजूचं झाड आहे ते हमखास विचारतात. काजूच्या कवचात जाळीदार थर असतो आणि त्यात चिकट जहाल तेल भरलेलं असतं, त्यात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे बिब्बा उततो तसंच हेही उततं. कातडीवर फोड येतात. जाळायचीही नाहीत, तो धूर डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो. हे तेल काढून रंग, रेझिन आणि ब्रेक लायनिंगसाठी वापरतात, ते काम कारखान्यांनाच करू द्या.

गंमत म्हणजे पिस्ताही त्याच कुळातला, पण वाळलेल्या पिस्त्याच्या कवचाला हा त्रास नाही.

अक्रोडात विष असतं म्हणे, टोमॅटो मरतात?

अर्धं खरं आहे. अक्रोडाच्या झाडात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं आणि टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची या मंडळींना ते सोसत नाही, ब्लूबेरी आणि अझेलियालाही नाही. पण ते सगळ्यात जास्त असतं काळ्या अक्रोडाच्या मुळांत, कळ्यांत आणि फळावरच्या हिरव्या सालीत. आपण जो नेहमीचा अक्रोड फोडून खातो त्यात मुळातच कमी, आणि वाळलेल्या कडक कवचात तर फारच कमी. शिवाय हवा, ओल आणि जिवाणू मिळाले की जुग्लोन काही आठवड्यांत मोडतं.

माझं मत विचाराल तर वाळलेल्या कवचाबद्दलची भीती जरा फुगवलेली आहे. तरी मी स्वतः काय करतो तर अक्रोडाची कवचं फोडून ओल्या कंपोस्टच्या ढिगात महिना-दोन महिने ठेवतो आणि मग वापरतो, आणि टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत तरीही घालत नाही, कारण बाकी इतकी झाडं पडलीयेत की तिथेच घालायचा हट्ट कशाला. हिरवी किंवा काळी पडलेली बाहेरची साल कवचाला चिकटलेली असेल तर ती मात्र नक्की काढून टाका.

खाऱ्या पिस्त्यांची टरफलं नुसती विसळून घातली तर?

नुसती विसळून भागत नाही, हे मी स्वतः भोगलंय. एकदा दोन मुठी खारी टरफलं नळाखाली धरल्यासारखी केली आणि स्पायडर प्लँटच्या कुंडीत मिसळली. तीनेक आठवड्यांनी पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून थोडं थोडं जास्त पाणी द्यायला लागलो, ताटलीत साचलेलं पाणी पुन्हा कुंडीच शोषून घेत होती, म्हणजे मीठ बाहेर जायचं नावच नाही. कुंडीच्या काठाला पांढरी किनार दिसली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

मीठ दोन तऱ्हेने त्रास देतं. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढून घेणंच जड जातं, म्हणजे माती ओली दिसते आणि झाड तहानलेलं असतं. आणि सोडियम-क्लोराइड पानांत जाऊन टोकाशी साठतं, तिथून पान करपत येतं. जमिनीत पावसाने मीठ खोल निघून जातं, कुंडीत ते जाणार कुठे.

आता मी टरफलं गरम पाण्यात रात्रभर भिजवतो, पाणी फेकतो, परत भिजवतो, असं तीनदा. चौथ्या वेळी एक टरफल जिभेला लावून बघतो, खारट लागलं तर अजून एक फेरी. (ज्यांना सुकामेव्याची ॲलर्जी आहे त्यांनी हे अजिबात करू नये.) ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर उत्तमच, टरफलं साध्या पाण्यात एक दिवस ठेवून त्या पाण्याचं रीडिंग आणि साध्या पाण्याचं रीडिंग जवळजवळ सारखं आलं की झालं. मीटर नसेल तर टरफलांचं पाणी एका टिश्यू पेपरवर आणि साधं पाणी दुसऱ्यावर घेऊन दोन्हीवर मोहरी टाका, चार-पाच दिवसांत मोहरीच सांगते, दोन्हीकडे सारखी उगवली तर मीठ गेलं, टरफलांच्या पाण्यावर मागे पडली तर अजून आहे.

मसाला लावलेली, तेलात परतलेली टरफलं असतील तर सरळ कचऱ्यात. एवढी मेहनत करण्याइतकं त्यात काही नाही.

आणि कुंडीत खारी टरफलं आधीच गेली असतील तर कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्या, ताटली काढून ठेवून.

तुकडे किती मोठे करायचे आणि फोडायचे कसे?

साधारण हरभऱ्याएवढे किंवा त्याहून थोडे लहान, म्हणजे ३ ते १० मिलिमीटर. अख्खं अर्धं अक्रोड घातलं तर ती वाटी होते, उलटी पडली तर आत हवेचा फुगा, सुलटी पडली तर पाण्याचं डबकं. पिस्त्याचं तर फारच तसं. लहान कुंडीत ही डबकी मुळांना भोवतात, मोठ्या कुंडीत एवढं जाणवत नाही.

मिक्सरमध्ये घालू नका. भांडं आणि पातं दोन्ही जातात. जाड कापडाच्या पिशवीत टरफलं भरायची, तोंड बांधायचं, फरशीवर नको, दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवून हातोडीने ठोकायचं, डोळ्यांवर चष्मा असलेला बरा कारण अक्रोडाचे तुकडे धारदार असतात. मग चाळायचं. चाळणीखाली जी पूड पडते ती कुंडीत घालायचा मोह होतो पण घालू नका, आपण ज्या फटी करायला निघालोय त्या फटी ही पूडच बुजवते, ती कंपोस्टच्या ढिगात टाका.

मिश्रणात प्रमाण किती?

पहिल्यांदा करताय तर आकारमानाने दहा टक्के, म्हणजे नऊ मगांना एक मग. जमलं तर वीसपर्यंत जा. त्याच्या वर गेलात की पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते आणि उन्हाच्या दिवसांत दोनदा पाणी घालायची वेळ येते. स्पेनमध्ये मातीविना भाजीपाल्यासाठी बदामाच्या कवचाचा चुरा वापरून बघितलाय, तिथेही दुखणं हेच, पाणी धरत नाही, म्हणून थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. ठिबक असेल तर जमतं, हाताने पाणी घालणाऱ्याला नाही जमत.

माझं नेहमीचं मिश्रण म्हणजे चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट, दोन भाग परलाइट आणि एक भाग टरफलांचे तुकडे. परलाइट पूर्ण काढून सगळी टरफलंच घातली तर कुंडी जड होते, हे गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या.

आपलं मिश्रण हवेशीर झालं की नाही हे कळणार कसं?

मोजता येतं आणि खरंच सोपं आहे. ज्या उंचीची कुंडी वापरणार आहात तशीच एक घ्या, भोकं चिकटपट्टीने बंद करा, पाणी भरून किती मावतं ते बघा, समजा एक लिटर. पाणी ओतून द्या, आता मिश्रण भरा, वरून हळूहळू पाणी घालत रहा, वरचा थर चमकायला लागला की थांबा, तासभर तसंच ठेवा. मग खाली भांडं ठेवून पट्टी काढा आणि निथळलेलं पाणी मोजा. २०० मिलिलिटर निघालं तर हवेची जागा २० टक्के. कुंडीतल्या झाडांना साधारण १० ते ३० टक्के चालते, पाणी आवडणाऱ्यांना खालच्या बाजूचं आणि सक्युलंट (जाड, रसाळ पानांची झाडं), अडेनियम यांना वरच्या बाजूचं.

उंची तीच ठेवा म्हणालो त्याला कारण आहे. भिजलेला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबलं की तोच उभा करा, परत पाणी गळतं. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज. तेच मिश्रण उंच कुंडीत छान निथळतं आणि पसरट कुंडीत चिखल होतं.

निचऱ्यासाठी तळाशी टरफलांचा थर द्यायचा ना?

द्यायचा नाही! हे वाचून बरेच जण भांडायला येतात. बारीक मातीखाली जाड तुकड्यांचा थर ठेवला की पाणी त्या थरात पटकन उतरत नाही, वरची माती पुरती थबथबल्याशिवाय ते पाणी सोडत नाही. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो ओलाचिंब पट्टा असतो तो तुम्ही टरफलांच्या उंचीएवढा वर, मुळांच्या जवळ आणून ठेवता. स्पंजची उंचीच कमी केलीत की तुम्ही. टरफलं हवीत तर सगळ्या मिश्रणात एकसारखी मिसळा. भोकातून माती वाहून जाते म्हणून एखादं टरफल भोकावर ठेवलं तर त्याला काही हरकत नाही, ते वेगळं.

टरफलं मातीतला नायट्रोजन खाऊन टाकतात हे खरं का?

टरफलं नाही खात, त्यांना कुजवणारे जिवाणू-बुरशी खातात. त्यांना कार्बनचे साधारण पंचवीस भाग तर नायट्रोजनचा एक भाग असा हिशोब लागतो. अक्रोडाच्या कवचात कार्बन शंभरपट किंवा त्याहूनही जास्त, शेंगांच्या टरफलात चाळीस-पन्नासपट. जे कमी पडतं ते जिवाणू आजूबाजूच्या मातीतून उचलतात, म्हणजे झाडाच्या ताटातून.

पण गंमत बघा, आकडा अक्रोडाचा वाईट आणि त्रास शेंगांच्या टरफलांचा जास्त. कारण अक्रोडाचं कवच इतकं टणक की जिवाणूंना त्यात शिरताच येत नाही, कुजणंच हळू तर नायट्रोजन ओढणंही हळू. बारीक पूड मात्र झपाट्याने ओढते, पूड घालू नका म्हणालो त्याचं हेही एक कारण. खालची जुनी पानं आधी पिवळी पडायला लागली तर समजा हेच चाललंय, दर पाण्याबरोबर पातळ द्रवखत थोडं थोडं दिलं की दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

शेंगदाण्याची टरफलं?

चालतात, छान चालतात, फक्त ती टिकाऊ नाहीत हे धरून चाला. अमेरिकेत १९८० च्या दशकात नर्सरीतल्या अझेलियासाठी पाइनची साल, पीट आणि शेंगांची टरफलं असं मिश्रण तपासलं गेलं होतं, टरफलांनी हवेची जागा वाढते आणि पाणी धरणं कमी होतं हे त्यातही दिसलं. एका हंगामाच्या भाजीला किंवा फुलझाडाला एकदम योग्य. पण दोन-तीन वर्षं न हलवता ठेवायच्या झाडाला नको, सहा-आठ महिन्यांत टरफलं कुजतात, मिश्रण खाली बसतं आणि कुंडी एक तृतीयांश रिकामी दिसायला लागते.

दुसरं म्हणजे शेतातून थेट आलेली कच्ची टरफलं. शेंग जमिनीत वाढते त्यामुळे सूत्रकृमी (मुळांना लागणारे अगदी बारीक जंत) आणि खोडकुजीची बुरशी तिच्यावरून कुंडीत येऊ शकते. भाजलेल्या शेंगांची असतील तर चिंता नाही. कच्ची असतील तर आधी गरम कंपोस्टच्या ढिगातून जाऊ द्या, ढीग आतून ५५ अंशांवर काही दिवस राहिला पाहिजे, नाहीतर निदान उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा.

कुंडीच्या वर पसरली तर?

मला तर हाच सगळ्यात चांगला उपयोग वाटतो. दोनेक सेंटिमीटरचा थर, खोडापासून जरा लांब. पाणी घालताना माती उडत नाही, वरचा थर कडक होत नाही, बाष्पीभवन कमी होतं, आणि मातीत मिसळलेली नसल्यामुळे नायट्रोजनची कटकट जवळपास नाहीच. इथे पिस्त्याची वाटी अख्खी चालते आणि दिसतेही सुरेख. एकच तोटा, माती ओली की कोरडी हे वरून कळत नाही, बोट खुपसूनच बघायचं. आणि मीठ काढणं इथेही चुकत नाही, वरून घातलेल्या प्रत्येक पाण्याबरोबर ते खालीच उतरणार.

पीएच बिघडतो का?

या प्रमाणात नाही. सोडून द्या.

टरफलांवर पांढरी बुरशी आली, फेकू का?

फेकू नका, ती टरफल कुजवणारी बुरशी आहे, झाडाच्या वाटेला जात नाही. ती दिसतेय म्हणजे वरचा थर फार वेळ ओला राहतोय एवढाच निरोप आहे, पाणी जरा लांबवा. चिलटं झाली असतील तर त्याचंही कारण तेच.

टरफलाला गर चिकटून राहिला असेल तर मात्र उंदीर, खारी, मुंग्या सगळे येतात, एका खारीने माझी कुंडी उकरून रोपच बाहेर काढलं होतं एका अर्ध्या बदामासाठी. आणि घरात कुत्रा असेल तर बुरशी लागलेला गर किंवा अक्रोडाची बुरसटलेली साल त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, त्यातल्या काही बुरशींच्या विषाने कुत्र्यांना झटके येतात.

घरात एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुंडीत टरफलं चालतील?

नाही. झाडाला सालीचे तुकडे, परलाइट काहीही चालतं, इथे धोका घ्यायचं कारणच नाही. बाकी सगळ्यांनीही टरफलं फोडताना तोंडाला मास्क लावा, धूळ बारीक असते आणि जुन्या टरफलांवर बुरशीचे बीजाणू असतात.

जाळून राख घातली तर?

राख आणि कोळसा यात गल्लत करू नका. राख अल्कधर्मी असते आणि कुंडीसारख्या छोट्या जागेत चिमूटभर जास्त झाली तरी पीएच चढतो, मी घालत नाही. कमी हवेत भाजून केलेला टरफलांचा कोळसा मात्र उत्तम, तो कुजतच नाही म्हटलं तरी चालेल. फक्त घालण्याआधी महिनाभर ओल्या कंपोस्टमध्ये मुरू द्या, कोरडा कोळसा सुरुवातीला अन्नद्रव्यं स्वतःच धरून बसतो. खारी टरफलं जाळली तरी मीठ उडून जात नाही, ते कोळशात राहतं, तेव्हा धुणं तिथेही आलंच.

कुठल्या झाडांना घालू, कुठल्यांना नको?

सक्युलंट, अडेनियम, बोगनवेल, सान्सेव्हिरिया, मॉन्स्टेरा, म्हणजे ज्यांना मुळाशी हवा आवडते ती सगळी. बी पेरायच्या ट्रेमध्ये नको, इवल्याशा मुळांना सारखी ओल लागते. फर्नना नको किंवा अगदी थोडी. गाजर-मुळ्याच्या कुंडीत अजिबात नको, तुकडा आडवा आला की गाजराला दोन पाय फुटतात.

कुंडी बदलताना जुनी टरफलं परत वापरता येतात का?

अक्रोड, हेझलनट, मॅकाडेमियाची आरामात, चाळणीत जी वर राहतात ती धुवून, उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून ठेवा. झाड मूळकुजीने मेलं असेल तर त्या कुंडीतली ठेवू नका. पिस्त्याची बोटांनी दाबून बघायची, कटकन मोडली तर चांगली, ओल्या पुठ्ठ्यासारखी दबली तर कंपोस्टमध्ये. माझ्याकडे अक्रोडाचे काही तुकडे सध्या तिसऱ्या कुंडीत आहेत, रंग काळा पडलाय पण धार अजून गेलेली नाही, मागच्या वेळी चाळताना बोट कापलं.